जुन्या गल्लीचा क्रम

भूकंपानंतर आमचं गाव माळावर नव्यानं बसवलं. ज्याची जेवढी जमीन तेवढं मोठं घर, आणि सारख्या मापाची घरं एका भागात, असा नियम होता. त्यात आमची एक गल्ली गावभर पांगली. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, भिंतींवर नंबर. शेंबडं पोरही चुकायचं नाही.

माझी आई मात्र संक्रांतीला तिळगूळ द्यायला अजून जुन्या गल्लीच्याच क्रमानं निघते. एक घर गावाच्या या टोकाला, पुढचं पार त्या टोकाला, तिसऱ्यासाठी पुन्हा माघारी. निघण्याआधी ओट्यावर दोन मिनिटं उभी राहते. मला वाटायचं, दम खाते. मग चार दिवस गुडघे धरून बसते आणि शेक द्यायला मला लातूरहून यावं लागतं. खरं सांगते, मला याचा वीट आला होता.

क्लासेसवाल्यांना स्क्रीनवर हलणाऱ्या आकृत्या करून देणं हा माझा धंदा. आधी लातूर, आता नांदेडचेही क्लास. हृदयातून रक्त कसं फिरतं ते इतक्यांदा फिरवलंय, की आता बघवत नाही. त्याच साधनांवर मी गावाचा नकाशा केला. एक बटण दाबलं की जुन्या गल्लीतल्या एकेका घराचा ठिपका सरकत आपल्या नव्या घरावर जाऊन बसायचा. दुसरं दाबलं की कमीत कमी चालण्याचा रस्ता दिसायचा. तो आईच्या गळी उतरवायचा, एवढाच माझा डाव होता.

भोगीला टॅबलेट तिच्या मांडीवर ठेवला. तिनं बोट लावलं, ठिपके निघाले. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा म्हणाली, "आपल्या शेजारचं घर कुठं गेलं गं?"

शेजारची मावशी, आईची जिवाभावाची मैत्रीण, भूकंपाच्या पहाटे घरादारासकट गेली. नवं घर घ्यायला मागं कुणी उरलंच नाही. कुठं जायचं ते सांगितल्याशिवाय ठिपका हलत नाही, म्हणून मी तो काढून टाकला होता. हे आईला सांगताना माझी मलाच लाज वाटली.

"तुझा रस्ता लई सोपा हाय," आई म्हणाली, "पण त्यात ती न्हाई. माझ्या रस्त्यात पहिलं दार तिचं. तिला तिळगूळ देते, मंग पुढं जाते."

"देतेस कुठं?"

"हितंच. आपल्या ओट्यावर."

मी टॅबलेट माझ्याकडे घेतला. तो ठिपका परत घातला आणि त्याला आमच्याच घराचा पत्ता दिला. बटण दाबलं. सगळी गल्ली गावभर पांगली. दोन ठिपके तेवढे जोडीनं निघाले आणि आमच्या दारात थांबले. आई कितीतरी वेळ बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिळगुळाचा डबा मी धरला. ओट्यावर दोघी थांबलो, आणि मग गावाच्या त्या टोकाकडे चालायला लागलो.