हिरवं लाकूड आणि माझे स्क्रू

झाई गावात, दर्याकाठी, आमच्या घराचे जुने वासे वाळवीने खाल्ले, म्हणून मुलाने वापीहून नवीन लाकूड आणलं. कारखान्यात दाबाने औषध भरलेलं, रंगाने हिरवट. त्याला वाळवी लागत नाही म्हणाला. लागली नाही, ते खरं.

पत्रे ठोकायचे स्क्रू आणायला मी डहाणूला गेले. मुलाला सुट्टी नव्हती, आणि माझ्या म्हाताऱ्याची उजवी बाजू लकव्याने तेव्हाच गेलेली होती. दुकानदाराने विचारलं, "आजी, लाकूड कसला हाय?"

"लाकूड म्हणजे लाकूड. तुला काय करायचंय?"

"तसा नाय. औषधवाला लाकूड असेल तर साधा स्क्रू नको. स्टेनलेस घ्या. त्यात पण दर्याजवळ चालणारा वेगला येते."

मला वाटलं, महागाचा माल गळ्यात मारतोय. मी साधे, जस्ताचा मुलामा दिलेले घेतले. छान चमकत होते.

तलासरीच्या मिस्त्रीने ते बसवले. दोन पावसाळे गेले. यंदा थंडी संपता संपता दुपारच्या वाऱ्याला पत्रा वाजायला लागला. मिस्त्री वर चढला आणि हाताने स्क्रू उपटून खाली आला. पाना लागलाच नाही. डोकं नव्यासारखं होतं, रबरी वायसर जागेवर होता. खालचा भाग मात्र चघळलेल्या काडीसारखा झाला होता.

"आजी, खारा वारा," तो म्हणाला.

"वारा वरून लागतो. हा आतून गेलाय."

हे बोलले आणि मला बादली आठवली. बोर्डीला चिकूच्या वाडीत मी वीस-बावीस वर्षं फवारणीचं औषध कालवलं. मोरचूद. ते लोखंडी बादलीत कधी कालवायचं नाही, बादली खातं. एका नव्या बाईने कालवलं होतं, तेव्हा मीच तिला सगळ्यांसमोर झापलं होतं. मुलाला फोन करून विचारलं, लाकडात काय भरतात? तो म्हणाला, तांब्याचं काहीतरी असतं, म्हणून तर हिरवं. मोरचुदातही तांबंच. म्हणजे जे मला पक्कं ठाऊक होतं, तेच मी स्वतःच्या डोक्यावर करून घेतलं. दुकानदाराला तर ऐकूनही घेतलं नाही.

मिस्त्री म्हणाला, सगळेच स्क्रू बदलावे लागतील, एखाद-दुसऱ्याने भागणार नाही. जोराचा वारा आला तर पत्रा उचलला जाईल, नाहीतर घसरून खाली येईल. त्या पत्र्याखाली म्हाताऱ्याची खाट. दुसरी खोली एवढीशी आहे की तिथे चूल आणि मी, एवढंच मावतं.

मी परत डहाणूला गेले. दुकानदाराने नुसतं विचारलं, "आता कोणता देऊ?"

"तू सांगशील तो."

दर्याजवळ चालणारे त्याच्याकडे नव्हते, मागवून दिले. डबा येऊन दहा दिवस झाले. मिस्त्री अच्छाडकडे एका ढाब्याची शेड बांधतोय. फोन केला की म्हणतो, "परवा येतो, आजी." दुसरा कोणी एवढ्याशा कामाला येत नाही. मुलगा रविवारी येतो, पण त्याला शिडीवर उभं राहिलं की चक्कर येते. मी गुडघ्यांनी अधू. पत्र्यावर रेतीच्या गोणी ठेवू का विचारलं, तर मिस्त्री म्हणाला, नको, उतारावर वजनाने पत्रा उलट घसरून खाली येईल.

डबा म्हाताऱ्याच्या उशाशी ठेवलाय. तो डाव्या हाताने खुळखुळवतो.

"यावेळी बरे आणलेस ना?"

"बरे आहेत."

"मग लाव की."

"तू चढ."

तो हसतो, अर्ध्या तोंडाने. "बघू, आधी पत्रा जातो की मी."

दुपारी दर्याकडून वारा सुटला की मी त्याची खाट भिंतीकडे ओढते. हातभर सरकते. मग भिंत लागते.