तडा सुटला कुठून

माझी धाकटी बहीण काच कापते. अख्ख्या बाजारात तिच्यासारखा हात कुणाचा नाही, आणि हे मी भाऊ म्हणून सांगत नाही. भाऊ नसतो तरी हेच सांगितलं असतं. काचेवर कटर एकदाच फिरवायचा. दुसऱ्यांदा फिरवला की काच वाकडी फुटते. धाकटी एकदाच फिरवते, टेबलाच्या कडेला टक करते, की झालं.

त्या दिवशी तिची रेघ भरकटली. ती म्हणते, कटरचं चाक बोथट झालं. कटर बदलला. दुसरी काचही वाया गेली. काच कापणाऱ्यांची खोडच ती, चूक झाली की आधी हत्याराला शिव्या. तिसरा कटर तिच्या बोटांतून गळला, तेव्हा मी शेजारच्या माझ्या कुलूपकिल्लीच्या दुकानातून पाहिलं. तोंड एका बाजूला ओढलेलं. गाडी थांबवायला मी रस्त्यात आडवा उभा राहिलो. म्हणून ती वेळेत दवाखान्यात पोचली.

मेंदूच्या नसेत रक्ताची गाठ अडकली होती. औषधानं विरघळली, हात परत आला. पण गाठ आली कुठून? मानेच्या नसा साफ, हृदयाच्या ठोक्यांची पट्टीही ठीक. घरचे मात्र सगळेच डॉक्टर.

"तापट स्वभाव," मेहुणे म्हणाले. "राग डोक्यात गेला."

"रागानं नस तुंबत असती," धाकटी म्हणाली, "तर आधी तुमची तुंबली असती. तो सगळा तुमच्याच अंगावर सांडतो ना."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कारण अजून सापडलं नाही, काही जणांचं सापडतच नाही.

"मग शोधा," धाकटी म्हणाली. "आरसा तडकला तर मी चिकटपट्टी लावून पाठवत नाही बाई. तडा सुटला कुठून ते बघते. स्क्रू जास्त आवळलाय का, भिंत वाकडी आहे का. नाहीतर नवा आरसाही तडकतो."

बाई हसल्या. "म्हणूनच तर तुमचं रक्त तपासलं. हृदयावर ताण आला की ते रक्तात एक द्रव्य सोडतं. तुमचं बरंच वाढलेलं आलंय. गाठ हृदयातून आली असावी."

"असावी?" मी विचारलं. मी सातवी शिकलोय, पण 'असावी' म्हटलेलं मला चालत नाही.

"रक्त बोट दाखवतं दादा, शिक्का मारत नाही. शिक्क्यासाठी आता हृदयावर पाळत ठेवू."

छातीला यंत्र चिकटवून धाकटी घरी आली. यंत्रानं चोर पकडला. तिचं हृदय मधूनच ताल सोडून थरथरत होतं, तेवढ्यात आत रक्त साचायचं आणि गोठायचं. औषध बदललं. आता गाठ होणार नाही असं औषध. पण त्याच औषधानं, कापलं तर रक्त लवकर थांबणार नाही.

"झालं," मेहुणे म्हणाले. "दुकान बंद. रोज बोटं कापून घेतेस तू."

"दुकान बंद करायला आजार लागतो होय? तुमचं तोंड बंद होत नाही कशानं."

डॉक्टरीणबाईंना तिनं सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, जाड हातमोजे घालणार असाल तर करा.

हातमोज्यांना धाकटी नवशिक्यांची झूल म्हणायची. काच बोटांना कळली पाहिजे, हे तिचंच वाक्य. आता भंगारातल्या काचा आणून हातमोजे घालून रेघा मारत बसली. वाकड्या आल्या की मीही बोलायचो, "मोजे काढ बघू." ती म्हणायची, "दादा, तू कुलपं बघ."

मग सलूनचा मोठा आरसा आला. भिंतीएवढा. मेहुणे दारात कापूस आणि पट्टी घेऊन उभे. धाकटीनं हातमोजे घातले, आरशावर मोजपट्टी लावली, कटर एकदाच ओढला. टक. दोन तुकडे, कड अशी की दोरी लावून बघा.

सगळा बाजार बघत होता. मीच बोलावला होता.

धाकटीनं मागं वळूनही पाहिलं नाही. "अहो," मेहुण्यांना म्हणाली, "तो कापूस टाकू नका. कानात घाला. पुढच्या वेळी दुकान बंद कर म्हणायची वेळ आली, की माझं उत्तर तुमच्या कानांना सोसणार नाही."