आंधळगावात मी भाऊ होता होता राहिलो

दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा-गोंदियाकडे, गावोगावी मंडई भरते, जत्राच म्हणा ना. नागपुरात अख्खी नोकरी काढूनही मी ती पाहिली नव्हती. म्हणून सुनंदाबाईंना विचारलं, येता का? त्या निवृत्त शिक्षिका, सकाळी बागेत फिरताना ओळख झालेली. जोडीदार त्यांचेही गेले, माझीही गेली.

"येते," त्या म्हणाल्या, "पण लपूनछपून नाही. कोणी विचारलं तर खरं सांगायचं."

मी छाती फुगवून हो म्हटलं. 'लोक काय म्हणतील हा विचार सोडा' असे सल्ले याच ब्लॉगवर फुकट वाटणारा माणूस मी!

भाऊबिजेच्या सकाळी निघालो. रेल्वेने जाणार असाल तर भंडारा रोडला उतरा. हे स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीत आहे. गाडीत समोरच्या काकूंनी विचारलं, "या तुमच्या कोण?"

"ऑफिसातल्या," मी म्हणालो. सुनंदाबाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

वरठीला तर्री-पोहे खाल्ले. तर्री जपून घ्या, मी घेतली नाही जपून. पुढे आंधळगावपर्यंत ऑटो केला, भाडं आधी ठरवा. ऑटोवाल्यानेही तेच विचारलं. त्याला मेहुणी सांगितलं. दोन्ही बाजूंना कापणीला आलेलं धान होतं आणि सुनंदाबाईंकडे बघायची हिंमत होत नसल्यामुळे मी ते अगदी मन लावून पाहिलं.

"रस्ता आणखी लांब असता तर मी तुमची आत्या झाले असते," सुनंदाबाई एवढंच बोलल्या.

मंडई संध्याकाळी रंगते, म्हणून आधी कोशाचं रेशमी कापड बघायला एका विणकराच्या घरी गेलो. घरच्या आजींचा भाऊ लाखनीहून आला होता, त्याला नुकतंच ओवाळून झालं होतं. आजींनी पाणी दिलं.

"ह्या बाई कोन हायेत जी तुमच्या?"

"बहीण," मी म्हणालो. का, ते विचारू नका. सभ्यपणाची हौस, दुसरं काय!

"अन् भाऊबिजेले असेच कोरड्या कपाळानं फिरून राहिले? बसा पाटावर!"

बसलो. आजींनी निरांजन लावून तबक सुनंदाबाईंच्या हातात दिलं. "ओवाळा भावाले."

त्या माझ्यासमोर आल्या. कुंकवात बोट बुडवलं आणि थांबल्या.

"ओवाळू?"

चेहऱ्यावर हसू नव्हतं. टिळा लागला की मी जन्माचा भाऊ, आणि त्या शब्दावरून मागे फिरणाऱ्या बाई नव्हेत.

"नका!" मी एवढ्याने ओरडलो की शेजारच्या घरातून दोघं डोकावले. "त्या बहीण नाहीत. मला त्या आवडतात. लग्न करायचंय मला यांच्याशी."

"अस्सं! मंग बहीण काहून म्हटलं?" आजींनी तबक काढून घेतलं. "खरं सांगतलं असतं त मी काय पानी नसतं देल्लं? जेवूनच जा आता."

आजींच्या भावाने सरकून मला जागा करून दिली. भात, डाळ, करंज्या, सगळं आग्रहाने वाढलं. जेवता जेवता सुनंदाबाई हळूच म्हणाल्या, "सगळ्या गावाला सांगितलंत. मला कुठे विचारलंत?"

तोंडात करंजी होती, तिचाच आधार झाला.

संध्याकाळी मंडई पाहिली. दंडारीच्या नाचाला खूप गर्दी होती, त्यात त्यांनी माझी बाही धरली. दुसऱ्या दिवशी परतलो. आमच्या सोसायटीच्या फाटकाशीच सेक्रेटरी उभे होते.

"या कोण?"

"सुनंदाबाई. यांना मी लग्नाचं विचारणार आहे."

"बरं," ते म्हणाले. "उद्या पाणी येणार नाही, भरून ठेवा." आणि निघून गेले.

ज्या समाजाला मी एवढा भ्यालो, त्याचं म्हणणं इतकंच होतं. उद्या ते चार घरी सांगतीलच म्हणा, सांगू देत.

सुनंदाबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"विचारा मग," त्या म्हणाल्या.