पांढरं ‘नाही’

“जीप कधी सोडली?” मी फोनवर विचारलं.

“आत्ताच, ताई,” सलीमभाई म्हणाले. कापूरहोळला त्यांचं गॅरेज. “कामथडीच्या बाईला साप चावलाय. तुमच्या नेटवरच्या पानावर वेल्ह्याकडच्या दवाखान्यात औषद हाय म्हनून दिसलं. त्यांचा फोन लागंना, तेवढं कळवा.”

तिथलं इंजेक्शन संपलं होतं. नर्सबाईंनी सकाळीच तसं मला सांगून पानावर भरलं होतं.

“जीप थांबवा. तिथं औषध नाही, भोरला आहे.”

“अवो, पर पानावर...”

“आधी थांबवा, सलीमभाई.”

मी भोरच्या आमच्या ट्रस्टच्या ऑफिसात ते पान उघडलं; कुठल्या दवाखान्यात कुठलं औषध आहे, ते त्यावर दिसायचं. ‘सर्पदंशाचे इंजेक्शन उपलब्ध’. पुढे कोरं. त्या कोऱ्या जागेवर माउस ओढला, तर निळ्या पट्टीत ‘नाही’ उमटलं.

CSS म्हणजे पानाचा रंग, आकार ठरवणारी फाइल. एखाद्याच शब्दाला वेगळा रंग हवा, तर त्याला ‘क्लास’ नावाची खूण लावतात. आम्ही क्लास वापरतच नव्हतो. संथ डायल-अप इंटरनेटवर पान हलकं हवं, आणि मजकूर दवाखान्यातलीच माणसं भरणार, त्यांना खुणा कुठं शिकवायच्या? त्यामुळे नियम सरसकट, एका प्रकारच्या सगळ्या अक्षरांना एकच.

“साहेब, काल काय बदललंत?” मी ट्रस्टच्या साहेबांना विचारलं.

“वरच्या हिरव्या पट्टीतलं ट्रस्टचं नाव पांढरं केलं. फक्त नाव.”

“नाव ठळक अक्षरात आहे. तुम्ही पानावरचं प्रत्येक ठळक अक्षर पांढरं केलंत.”

नर्सबाईंनी महत्त्वाचं म्हणून ‘नाही’ ठळक केलं होतं. पांढऱ्यावर पांढरं.

साहेबांनी फोनकडे पाहिलं. “बाईला काही झालं तर?”

फोन वाजेना, आणि वाजला तर काय ऐकावं लागेल याचीही भीती.

वाजला. “नसरापूरच्या चहावाल्याला फोन केला, ताई. रस्त्याच्या मधोमध हुबा राहिला गडी. वळवली जीप भोरकडं.”

आम्ही भोरच्या दवाखान्यात धावलो. बाईच्या पापण्या मिटत चालल्या होत्या. तिचा दीर मला म्हणाला, “पानावर हाय म्हनला व्हता न्हवं?” “चूक आमच्या पानाची,” मी म्हणाले.

बाई वाचली. चौथ्या दिवशी घरी गेली.

त्यानंतर पांढरा रंग ठळक अक्षरांवरून काढून फक्त वरच्या शीर्षकाला दिला. क्लास तरीही आणले नाहीत. नर्सबाईंना एवढंच सांगितलं, ‘उपलब्ध नाही’ लिहू नका, ‘संपले’ लिहा. मराठी वाक्याचा जीव शेवटच्या शब्दात असतो. तो दिसेनासा झाला, तर उरलेलं वाक्य गप्प बसत नाही, बिनदिक्कत उलटं बोलतं.