काकूंची बाग

घड्याळजीच्या मुलीला गल्लीत सगळे गेमताई म्हणत. जिन्याखालच्या दुकानात, वडिलांच्याच टेबलाशी बसून, त्यांचंच भिंग डोळ्याला लावून ती हातात धरून खेळायचे गेम दुरुस्त करी. कुणी काहीही आणलं तरी उघडण्याआधी तिचा एकच प्रश्न असे, "आत काय ठेवलंय?" नव्या मशिनवाले हसत. "आत कुठे काय, ताई? सगळं अकाउंटला असतं." मग ती बिनघोर स्क्रू काढी.

निवृत्त ड्रायव्हरकाका मात्र हसले नाहीत. त्यांनी टेबलावर दोन मशिनं ठेवली, एक रंग उडालेलं, दुसरं कोरं करकरीत.

"बाग आहे," ते म्हणाले. "हिची."

काकू खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळल्या होत्या. कित्येक वर्षं दुपारची कामं उरकली की त्या जुन्या मशिनवर बाग लावत बसत. हल्ली त्यांना तो बारीक पडदा दिसेना, म्हणून काकांनी मोठ्या पडद्याचं मशिन आणून त्यावर तोच गेम डाउनलोड करून घेतला. काकूंनी उघडून पाहिलं, तर नुसतं माळरान.

"म्हणाली, हे कुणाचं रान उचलून आणलंत? माझी बाग कुठाय?" काकांचा चेहरा एवढासा झाला होता. "नाव नीट बघून घेतला हो मी."

"गेम तोच आहे, काका. पण काकूंनी लावलेलं सगळं जुन्या मशिनमधल्या या गेमच्या कॅसेटच्या पोटात आहे. डाउनलोड केलेल्याला ते कुठून कळणार? तिथं नव्यानं लावावं लागेल."

तिनं कॅसेट उघडली. आत बटणाएवढा सेल होता. तिनं तो मीटरनं तपासला.

"बाग या सेलवर जगलीय. आणि हा आता शेवटच्या घटका मोजतोय."

"मग बदला की."

"काढला की करंट तुटतो. करंट तुटला की बाग गेली."

काका स्टुलावर बसले. काम चालू असताना ती कुणाला समोर बसू देत नसे, कारण अलीकडे तिचा हात थरथरे आणि ते कुणाला दिसू नये असं तिला वाटे. आज मात्र तिला त्यांना उठवेना.

तिनं दोन बारीक तारांनी बाहेरून दुसरा सेल जोडला. जुना निघाला तरी करंट चालू राहील, एवढाच आधार. तार निसटली की खेळ खलास. तिनं मनगटं टेबलाच्या कडेला टेकवली. डाग द्यायच्या सोल्डरिंगचं तापलेलं टोक तरी हलतच होतं.

"काका, काहीतरी बोला. शांतता झाली की हात जास्त हलतो माझा."

"काय बोलू?"

"काकू रागावल्या की काय म्हणतात?"

"ते सांगायला तुमचं दुकान उघडं राहायचं नाही तेवढा वेळ."

ती खुदकन हसली, आणि त्या हसण्यात हात स्थिरावला. जुना सेल निघाला, नवा बसला, मग तारा सुटल्या. तिनं कॅसेट जुन्या मशिनमध्ये घालून ते काकांच्या हातात दिलं. स्वतः पाहायचा तिला धीर झाला नाही.

काकांनी घरी फोन लावून स्पीकरवर टाकला.

"लागलं का?" काकूंचा आवाज आला. "विहिरीपाशी काय दिसतंय?"

"पिवळं काहीतरी."

"काहीतरी काय? सूर्यफुलं आहेत ती. आणि कुंपणाला?"

"वेल आहे. जांभळ्या फुलांचा."

गेमताईनं भिंग उतरवून डोळे पुसले.

"आता कशाला हात लावू नका," काकू म्हणाल्या. "घरी या. मला दिसत नाही तर तुम्ही बघून सांगा. मी सांगेन तिथंच पाणी घालायचं, आपली अक्कल चालवायची नाही."

"बरं," काका म्हणाले. फोन ठेवून ते गेमताईकडे वळले आणि हळूच म्हणाले, "ताई, पाणी कुठल्या बटणानं घालतात?"