नव्या सिस्टिमवर आजोबांची गाडी

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही दोघं कुरकुरत होतात, की कॉम्प्युटरवर नवीन सिस्टिम टाकली आणि तुमचा आवडता गेम चालेनासा झाला. तुम्हाला वाटलं असेल, आजीला यातलं काय कळणार! पण मला माझा जुना राग आठवला. तो अजून पुरता गेलेला नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही कोपरखैरण्याला राहत होतो. हॉल लहान होता. गॅलरीच्या दाराला लागून कॉम्प्युटरचं टेबल आणि त्यापुढे दोन खुर्च्या, त्यामुळे कपडे वाळत घालायला जायचं तर अंग चोरून जावं लागे. तुमचा बाबा तेव्हा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला होता. आजोबांना त्याच्या आदल्या वर्षी अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. बोलणं सुधारलं, चालणं सुधारलं, पण उजवा हात थरथरायचा आणि त्याचा अंगठा वळत नसे.

या बापलेकांचं आपसात बोलणं म्हणजे 'जेवलास का' आणि 'लाइटचं बिल भरलं का', एवढंच. अपवाद एका गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचा. पडदा मधोमध दुभंगायचा, एका बाजूला एकाची गाडी, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याची. कीबोर्ड एकच. डावीकडची अक्षरं आजोबांची, उजवीकडचे बाण तुमच्या बाबाचे. आजोबांचा डावा हात शाबूत होता, त्यामुळे सामना अगदीच एकतर्फी होत नसे.

"अण्णा, ही चीटिंग आहे! तुम्ही मला ढकललंत." तुमचा बाबा त्यांना अण्णा म्हणायचा.

"हॉर्न दिला होता. तुझं लक्ष कुठे होतं?"

"या गाडीला हॉर्नच नाही!"

"म्हणून तोंडाने दिला."

मी स्वयंपाकघरात हे ऐकत पोळ्या लाटायची. पण तो गेम सुरू करणं म्हणजे रुसलेल्या जावयाला पंगतीत बसवणं. काळ्या पडद्यावर कमांडी टाइप करायच्या, मग मेमरी पुरत नाही म्हणून आवाज बंद करायचा, मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. शेवटी कंटाळून तुमच्या बाबाने टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. कॅसेट खोचली की खेळ चालू. त्याचा रिमोट मात्र दोन्ही हातांत धरून दोन्ही अंगठ्यांनी चालवावा लागे. आजोबांनी दोन-तीनदा प्रयत्न केला आणि रिमोट खाली ठेवून पेपर उघडला.

मी मुलाला बोलले. "अरे, अण्णांबरोबर खेळ ना कॉम्प्युटरवर."

"आई, मी दमून येतो. अर्धा वेळ त्या डबड्याची मनधरणी करण्यात जातो. कॉम्प्युटरवरच्या गेमचे दिवस गेले आता." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "नवीन सिस्टिम टाकू, मग बघू."

हे 'मग बघू' आजोबांनी पेपराआडून ऐकलं आणि मनात धरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी काठी घेऊन ते स्वतः खालच्या गाळ्यातल्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेले. तो शेजारच्याच बोनकोडे गावचा, मोठा बोलका माणूस. "काका, टेन्शन नका घेऊ," तो म्हणाला. "ही नवीन टाकली का कमांड नाय, कटकट नाय. मेलेल्या गेममदी जीव येनार हाय."

आजोबांनी मुहूर्त धरला दसऱ्याचा. तुमच्या बाबाने आधी तो गाड्यांचा गेम तेवढा एका फ्लॉपीवर काढून ठेवला आणि मग सगळी डिस्क पुसली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. आजोबांनी पाट मांडला. त्यावर माझी कात्री, घरातला पाना, स्क्रू ड्रायव्हर, कीबोर्ड आणि ती फ्लॉपी. पूजा उजव्याच हाताने करायची हा त्यांचा हट्ट. मी म्हटलं, "अहो, डाव्याने करा, देव रागावणार नाही." ऐकलं नाही. पळीतलं पाणी फुलाने शिंपडायच्या ऐवजी अख्खी पळीच फ्लॉपीवर कलंडली, त्यावर हळद, कुंकू, अक्षता, झेंडू. मी पुसायला फडकं आणलं, तर म्हणाले, "पूजेला लावलेलं यंत्र आज हलवायचं नाही." तुमचा बाबाही म्हणाला, "राहू दे गं आई, काही होत नाही." इंजिनिअर झालेला मुलगा! सबंध दिवस आणि रात्र फ्लॉपी तशीच भिजत पडली.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर सीडीवरून नवीन सिस्टिम चढली. पडद्यावर निळं आभाळ आलं. छान दिसत होतं, नाही कशाला म्हणू? आजोबा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून डावीकडच्या खुर्चीवर बसले. तुमच्या बाबाने फ्लॉपी आत सरकवली. किर्र किर्र आवाज आला, थांबला, पुन्हा आला. त्याने ती बाहेर काढली आणि पत्र्याची खिट्टी सरकवून पाहिलं. आत कुंकवाचा लाल ओघळ होता.

"अण्णा, ही गेली."

आजोबांनी उजवा हात मांडीखाली घेतला.

मग खालून कॉम्प्युटरवाला नवीन शर्यतीचा गेम घेऊन आला. त्यातली गाडी लग्नाच्या वरातीसारखी थबकत थबकत चालली. "मशीन जुनी पडते, काका. मेमरी वाढवाया लागेल."

मी चिडले. "तुम्हीच म्हणाला होतात ना, जीव येईल म्हणून?"

"जीव आलाय ना, काकू. ताकद नाय."

सिस्टिमबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. पडद्याचा रंग कसा बदलावा यावर त्यात पानंच्या पानं होती. मला हवं होतं ते त्यात नव्हतं. तुमच्या बाबाला म्हटलं, कोणाकडून तरी तो जुना गेम मिळव. तो म्हणाला, "बघतो." ऑफिसातून आला की हात धुऊन टीव्हीसमोर बसायचा आणि मी आठवण केली की पुन्हा, "बघतो म्हटलं ना."

त्या सिस्टिमबरोबर पत्त्यांचा एक डाव फुकट आला होता. एकट्याने लावायचा. आजोबांनी माउस डाव्या बाजूला घेतला आणि तेच खेळू लागले. कॉम्प्युटरवाल्याने जिन्यात विचारलं, "काय काका, गेम चालतोय ना आता?"

"चालतो की," आजोबा म्हणाले. "एकट्याचा."

दिवाळीच्या साफसफाईत मी उजवीकडची खुर्ची उचलून आतल्या खोलीत नेऊ लागले. गॅलरीचं दार धड उघडत नव्हतं आणि त्या खुर्चीवर कोणी बसतही नव्हतं.

"अगं, राहू दे ती," आजोबा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "तो आला तर?"

तो त्याच हॉलमध्ये होता. चार पावलांवर, आमच्याकडे पाठ करून, टीव्हीवर गाडी पळवत.

मी खुर्ची होती तिथे ठेवली. जरा आपटूनच ठेवली. त्याने मागे वळून विचारलं, "काय पडलं गं?"