डावीकडचे टॉम

कमलिनीबाई देशकरांच्या डोक्यात तिडीक गेली ती स्मरणिका बघून. भोपाळमधल्या पिपलानीच्या मराठी स्नेहमंडळाला पन्नास वर्षं झाली म्हणून चांगल्या गुळगुळीत कागदावर छापलेली स्मरणिका. ऑर्केस्ट्राच्या पानावर 'ड्रम्स'पुढे एकच नाव: अंबरीश पाटणकर. आणि कमलिनीबाई? त्या शेवटून दुसऱ्या पानावर, 'सतरंज्या, पाणी व मांडणी' या मथळ्याखाली. सतरंज्या! ज्या बाईने या मंडळात सोळा वर्षं ड्रम वाजवला, तिच्या नशिबी सतरंज्या.

"मम्मी, छोड़ ना यार," अबोली म्हणाली. लेक कोलार रोडच्या हिंदी शेजारात वाढलेली, तिची मराठी अशीच. "नव्या लोकांना काय माहीत?"

"नव्यांना नसेल. त्या अंबरीशला माहितीये ना! मजकूर त्यानेच दिलाय."

बाई डावखुऱ्या. कारखान्यात ड्रॉइंग सेक्शनला नोकरी, पेन्सिल डाव्या हातात, आणि संध्याकाळी तालमीत स्टिकही डावीच पुढे. ड्रमच्या सेटमध्ये तीन पायांवर जमिनीवर उभे राहणारे दोन मोठे ढोल असतात, त्यांना सगळे टॉम म्हणतात. उजव्या हाताचा माणूस ते उजवीकडे ठेवतो. बाई बाकी सेट होता तसाच ठेवत, फक्त ते दोन टॉम उचलून डावीकडे आणत आणि त्यांच्यावर असा काही हात टाकत की पहिल्या रांगेतल्यांच्या हातातले चहाचे कप थांबत.

मग अंबरीश बदली होऊन भोपाळला आला. गोड बोलणारा, हसतमुख, मेला. दोन हजार दोनच्या वर्धापनदिनाला, कार्यक्रमाला दोन तास असताना, त्याने कमिटीपुढे विषय काढला. "माझं काही नाही हो, पण पहिलीच गणेशवंदना, आणि सुरुवात डाव्या हाताने? लोक नावं ठेवतील. देवाचं काम आहे." कमिटीने माना डोलावल्या. टॉम उजवीकडे गेले आणि अंबरीश स्टुलावर बसला. बाईंचे वडील, नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आलेले अरविंदराव, त्या दिवशी टी. टी. नगरहून ऑटो करून आले होते, लेकीचं वाजवणं ऐकायला. शेवटपर्यंत बसले. घरी जाताना विचारलं, "तू कुठे होतीस गं?" पुढच्या वर्षी ते गेले. बाईंनी अंबरीशला माफ केलं नाही ते या एका प्रश्नासाठी.

पण बाई मंडळ सोडून गेल्या नाहीत, हे लोकांना चांगुलपण वाटलं. कसलं चांगुलपण! ड्रमची कातडी ताणून सूर लावणं दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं, म्हणून "सेट लावायचं कमलताईंकडेच बुवा" असं ठरलं आणि त्या बावीस वर्षं त्याच्यासाठी सेट लावत राहिल्या. सतरंजीवर प्रत्येक पायाची जागा पांढऱ्या चिकटपट्टीने आखलेली. त्याचा हात किती लांब पोचतो हे त्याच्या बायकोला माहीत नसेल एवढं बाईंना माहीत. आणि एक गोष्ट त्यांनी हेरून ठेवली होती. पडदा उघडायच्या आधी अंधारातच अंबरीश येतो, हात जोडतो, डोळे मिटतो आणि मिटल्या डोळ्यांनीच वंदनेची सुरुवात करतो. केवढी ती भक्ती! खुणा हलत नाहीत म्हणून चालतं ते सगळं सोंग.

वर्धापनदिनाच्या दुपारी बाई एकट्याच स्टेजवर होत्या. टॉम कुठे ठेवावेत? आधी वाटलं, चार बोटं लांब सरकवावेत. पण मग स्टिक नुसती कडेवर आपटेल आणि तो वळून म्हणेल, कमलताईंचं लक्ष नव्हतं. उचलून विंगेत नेले तर येतायेताच त्याला दिसतील आणि तो ओरडा करेल. चांगला अर्धा तास त्या कमरेवर हात ठेवून सतरंजीवर फिरल्या. मग वाकल्या, उजवीकडच्या पांढऱ्या खुणा नखाने खरवडून काढल्या, दोन्ही टॉम उचलले आणि डावीकडे, आपल्या जुन्या जागी, नेऊन ठेवले. गुडघा कळवळला. बसून एकदा हात टाकला. अंतर अजून तेच होतं. त्यांना इतका आनंद झाला की स्वतःचीच थोडी लाज वाटली. थोडीच.

संध्याकाळी सभागृह भरलं. पडद्यामागच्या अंधारात अंबरीश नेहमीसारखा उजव्या विंगेतून आला. एरवी तिथे टॉमला वळसा घालावा लागायचा. आज वाट सरळ होती, तरी गड्याला शंका आली नाही. बसला, हात जोडले, डोळे मिटले. पडदा उघडला. त्याने स्टिक उचलल्या, झोकात सुरुवात केली आणि शेवटचा जोरदार ठोका द्यायला उजवा हात बाजूला फेकला.

तिथे काहीच नव्हतं. हाताबरोबर अंबरीश गेला, अंबरीशबरोबर स्टूल गेलं. सभागृहात आधी 'अरे अरे' झालं, मग मागून कुणीतरी खुदकन हसलं आणि मग काय, सगळेच हसले. विंगेत बाईंनी पदर तोंडात कोंबला.

तो उठला. सेटकडे बघितलं. टॉम डावीकडे, म्हणजे हे कुणाचं काम हे त्याला एका क्षणात कळलं. पण बेरकी माणूस! चेहरा हसरा केला आणि माईक हातात घेतला. "माफ करा मंडळी. आमच्या कमलताईंची जरा चूक झाली. वय झालं आता त्यांचं. या हो ताई, लावून द्या परत नीट. टाळ्या वाजवा ताईंसाठी!"

टाळ्याही पडल्या. बाईंना बाहेर पडायला यापेक्षा सोपी वाट मिळाली नसती. मान खाली घालायची, टॉम उचलायचे, उजवीकडे ठेवायचे. कुणाला काही कळलं नसतं. अबोली विंगेतून कुजबुजली, "मम्मी, चूक झाली म्हण आणि ये."

बाई स्टेजवर गेल्या. माईक त्याच्या हातातच होता. त्यांनी मनगटासकट तो आपल्याकडे ओढला.

"चूक नाही झालेली," त्या म्हणाल्या. "मुद्दाम लावलाय. हा पडावा म्हणूनच लावलाय. दोन हजार दोनपर्यंत हा सेट असाच लागायचा, आणि मी वाजवायचे. याला विचारा, मला तिथून का उठवलं."

अंबरीश हसायचं विसरला. पुढच्या रांगेतले एक म्हातारे सभासद मोठ्याने म्हणाले, "खरं आहे. मी होतो त्या कमिटीत." आणि मान खाली घातली.

"स्टिक्स," बाई म्हणाल्या.

त्याने दिल्या. न देऊन करतो काय? बाईंनी स्टूल उभं केलं, बसल्या, गाणाऱ्या प्रमिलाकडे बघून मान हलवली आणि गणरायासमोर डावा हात पुढे घालून वंदना सुरू केली. मध्ये एकदा लय सुटली, बावीस वर्षांचा गंज तो, पण सावरली. टॉमवरचा शेवटचा ठोका पडला तेव्हा खुर्च्यांखालची फरशी हादरली असेल. अरविंदरावांना ऐकू गेलं नाही, जाणार नव्हतं, आणि हे आठवून बाईंचा राग कमी व्हायच्याऐवजी वाढलाच.

वंदना संपली. अंबरीश हळूच जवळ आला, वाकला, आवाज उतरवून म्हणाला, "ताई, झालं ना आता तुमच्या मनासारखं? पुढची गाणी माझी आहेत. द्या त्या स्टिक्स."

बाईंनी दिल्या नाहीत. दुसरं गाणं सुरू केलं.